शेजारणीला कळलं कसं नाही?

"काकू, ऐकलंत का? ब्रसेल्सच्या हेडमास्तरांची पोरगी तीन पुरुषांना घेऊन सीमेपार गेली!"

"अगं बाई! कधी?"

"1941 च्या ऑगस्टमध्ये."

"मेली! मला वाटलं काल रात्री. थांब, परात इकडे घेते. तांदूळ निवडता निवडता ऐकते. कोण पोरगी?"

"आंद्रे द जोंग. घरी सगळे देदे म्हणायचे. चोवीस वर्षांची. बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात होतं. ही बया फ्रान्स ओलांडून, पिरेनीजचे डोंगर चढून स्पेनमध्ये बिल्बाओच्या ब्रिटिश वकिलातीत जाऊन उभी राहिली. बरोबर एक ब्रिटिश सैनिक आणि दोन बेल्जियन पोरं. म्हणाली, खर्चाचं बघा, आणखी माणसं आणते."

"आणि त्यांचा विश्वास बसला?"

"कुठला! एवढीशी पोर डोंगर चढून आली म्हणते, जर्मनांनीच पाठवली असेल, असंच वाटलं त्यांना आधी. मग पैसे दिले. पण हिची अट ऐका. पैसे तुमचे, कारभार आमचा, मध्ये लुडबुड नको. कॉमेट लाइन म्हणतात ती हीच."

"माणसं कसली आणायची पण?"

"विमानं पाडली जायची ना, त्यातून छत्रीनं उतरलेले वैमानिक. इंग्रज, कॅनडाचे, अमेरिकन. शिकवून तयार केलेला वैमानिक परत मिळाला तर इंग्लंडला हवाच होता. त्यांना ब्रसेल्सहून पॅरिस, पॅरिसहून रेल्वेनं बायोनकडे, तिथून डोंगर, मग बिल्बाओ, शेवटी जिब्राल्टर."

"ते राहू दे. सहा फुटी परका बाप्या घरात ठेवायचा, आणि शेजारणीला कळलं कसं नाही? रेशनच्या पावात एक तोंड वाढलं की लग्गेच दिसतं. दोरीवर नवऱ्याच्या मापाचा नसलेला शर्ट दिसतो. संडासाची साखळी एकदा जास्त ओढली तरी कळतं."

"तुम्हाला कळतं, काकू."

"कळतं तर! मग?"

"म्हणून तर त्यांना आधी वागायला शिकवायचे. अमेरिकन माणूस सुरीनं मांस कापतो, सुरी खाली ठेवतो आणि काटा उजव्या हातात घेऊन खातो. तिकडचे लोक काटा डावीकडेच ठेवतात. खानावळीत एवढ्यावरून माणूस ओळखू यायचा. खिशात नाणी खुळखुळवायची नाहीत, गाडीत तोंड उघडायचं नाही, पेपर धरून झोपेचं सोंग घ्यायचं."

"आणि पकडला गेला तर?"

"तिथेच तर मेख आहे. वैमानिक सापडला तर युद्धकैदी. त्याला जेवू घालणारा बाप्या सापडला तर गोळी, बाई सापडली तर छळछावणी."

"म्हणजे पाहुण्यापेक्षा यजमानाच्या जिवाला घोर!"

"आता बायोनजवळच्या आँग्ले गावची बाई ऐका. एल्विर द ग्रेफ. टोपणनाव 'तांत गो', म्हणजे गो मावशी. कुत्र्याचं नाव होतं गोगो, त्यावरून! नवरा जर्मनांच्याच कचेरीत दुभाष्या. तिथून कोरे पास आणि शिक्के उचलून आणायचा. ही काळ्या बाजारातून खाणंपिणं मिळवून वैमानिकांना पोसायची. पोरंही कामाला जुंपलेली."

"सगळं घरच बिलंदर की!"

"आणि वाटाड्या फ्लोरेंतिनो, बास्क. मूळचा धंदा चोरटा माल डोंगरापलीकडे न्यायचा. रात्री चालायचं, पायात दोरखंडाच्या तळव्याच्या कापडी चपला. खाली बिदासोआ नदी, पलीकडे स्पेनचे शिपाई. विजारी काढून गळ्यात बांधायच्या, एकमेकांना धरून पाण्यात उतरायचं. डिसेंबर 1943 मध्ये दोघं बुडाले तिथे. जुलै 1944 मध्ये फ्लोरेंतिनोच्या पायात गोळ्या शिरल्या, बायोनच्या इस्पितळात पहारा बसला. तर मावशीनं काय करावं? आपलीच माणसं जर्मन पोलीस बनवून अँब्युलन्ससकट पाठवली आणि त्याला उचलून आणला!"

"वा गं माझी मावशी! आणि ती हेडमास्तरांची पोर?"

"15 जानेवारी 1943 ला सापडली. डोंगराच्या पायथ्याशी उर्युनच्या एका शेतघरी. कुणीतरी चुगली केली. चौकशीत तिनं सांगितलं, हे सगळं मीच चालवते. तर जर्मनांना खरंच वाटेना! बाईचं डोकं एवढं चालेल कसं, म्हणे. म्हणून गोळीतून वाचली, पण राव्हन्सब्रुकच्या छावणीत गेली. त्या शेतघराची मालकीण तिथेच संपली. देदेच्या वडलांना मार्च 1944 मध्ये पॅरिसला गोळ्या घातल्या."

"अरे देवा. कुणी फोडलं असेल गं?"

"पुष्कळदा आतल्याच माणसांनी. ब्रसेल्सला तर नोव्हेंबर 1942 मध्ये दोन जर्मन हेर अमेरिकन वैमानिक बनून एका घरी पाहुणे गेले. त्यानंतर भराभर धरपकड झाली. म्हणून ज्यानं त्यानं पुढचा एकच माणूस ओळखायचा. जे माहीत नाही ते मारलं तरी सांगता येत नाही."

"ती सुटली का पुढे?"

"सुटली. मग काँगो, इथिओपिया असं फिरत कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांतून परिचारिका म्हणून राबली. ब्रिटिशांनी जॉर्ज पदक दिलं, बेल्जियमनं 1985 मध्ये काउंटेस केलं. 2007 मध्ये गेली, नव्वदीची होऊन. तिच्या लाइनीतून तीनशेच्या जवळपास वैमानिक डोंगर ओलांडून गेले म्हणतात."

"पदक बरं मिळालं. पण माझा प्रश्न तसाच आहे. तीनशे माणसं इतक्या घरांतून गेली, आणि एकाही शेजारणीनं दोरीवरचा शर्ट पाहिला नाही? हे मी नाही मानणार. पाहिला आणि गिळला त्यांनी. पुढारीण हुशार होती हे खरं, पण अख्ख्या आळीनं तोंड मिटलं नसतं तर ती पहिल्याच आठवड्यात आत गेली असती."

"मग त्या आळीत तुम्ही असता तर, काकू?"

"मी? अगं, समोरच्या बिऱ्हाडात ही गो मावशी सांगितल्याशिवाय मला आज घास उतरायचा नाही. त्या वैमानिकांचं नशीब थोर, की मी कुंपणाच्या या बाजूला जन्मले. हं, पण त्या कुत्र्याचं नाव काय म्हणालीस?"