जोडणीबहाद्दर

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आढळणारा जोडणीबहाद्दर म्हणजे घरातला गेमिंग कन्सोल आणि डोक्याला लावायचा, आभासी जग दाखवणारा व्हीआर हेडसेट यांची गाठ घालून देणारा, स्वतःच स्वतःला नेमलेला आणि बहुधा बिनपगारी इसम होय. वय पस्तीस ते पन्नास. शिक्षण आयटीआय किंवा डिप्लोमा, तोही एखाद्या विषयावर अडलेला. व्यवसाय सीसीटीव्ही बसवणे, मोबाइल दुरुस्ती, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या किंवा वडिलांचे दुकान. साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत आणि सांगलीत विश्रामबागेपासून गणपती पेठेपर्यंत त्याचा संचार असतो. कमरेच्या पाऊचमध्ये टेस्टर, खिशात चार प्रकारच्या पिना आणि तोंडात ‘चालतंय की’ एवढ्या सामग्रीवर तो कोणत्याही दिवाणखान्यात शिरतो आणि पहिल्या पाच मिनिटांत टीव्ही भिंतीपासून पुढे ओढतो. टीव्हीमागची धूळ पाहिल्याशिवाय त्याला घराचा अंदाज येत नाही.

या जातीचा उगम 1990च्या दशकात सापडतो. त्या काळी जपानी फॅमिकॉम कन्सोलच्या स्वस्त नकला टीव्हीला जोडल्या जात आणि त्यांत प्लॅस्टिकची ‘कॅसेट’ खुपसली जाई. कॅसेट चालली नाही की ती उपसून तिच्या दातांवर फुंकर मारणारे पोर म्हणजे आजच्या जोडणीबहाद्दराचे बालरूप. फुंकरीने काही साधत नसे, उलट तोंडातल्या ओलाव्याने दात गंजत. गुण यायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने, पण श्रेय फुंकरीने घेतले ते कायमचे. अमेरिकेतल्या मामाने आणलेली कॅसेट मात्र कितीही फुंकली तरी आत जात नसे. फॅमिकॉमच्या कॅसेटला 60 पिना, अमेरिकेतल्या एनईएसच्या कॅसेटला 72. कंपनी तीच निन्टेंडो, खेळही तेच. जोडणीबहाद्दराला हा धडा वयाच्या दहाव्या वर्षी मिळाला, पण त्यातून त्याने भलताच निष्कर्ष काढला: पिन बसत नाही म्हणून चालत नाही, तेव्हा पिन बसली की चालणारच. पुढचे सगळे आयुष्य तो या एका सिद्धांतावर काढतो.

सोनीचा पहिला प्लेस्टेशन व्हीआर 13 ऑक्टोबर 2016 रोजी आला आणि या सिद्धांताला सोन्याचे दिवस आले. हा हेडसेट प्लेस्टेशन फोर म्हणजे पीएस फोर या कन्सोलसाठी होता आणि तो जोडणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हते. कन्सोल आणि टीव्ही यांच्या मध्ये एक वेगळे खोके ठेवावे लागे. पीएस फोरमधून खोक्यात एक एचडीएमआय, खोक्यातून टीव्हीला दुसरी, खोक्यातून कन्सोलला यूएसबी, खोक्याची स्वतःची पॉवर, खोक्यातून हेडसेटची जाड वायर, आणि या सगळ्यांवर नजर ठेवायला टीव्हीच्या डोक्यावर कॅमेरा. हेडसेटवर नऊ निळे दिवे असतात. कॅमेरा ते दिवे पाहून डोके कुठे वळले हे कन्सोलला सांगतो, त्यामुळे कॅमेऱ्याशिवाय व्हीआर खेळ नाही. अशा सहा जोडण्या पाहून यजमानाचा चेहरा पडतो, तर जोडणीबहाद्दराचा उजळतो. तो प्रत्येक वायरीला पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनाने ‘टीव्ही’, ‘खोकं’, ‘काढू नये’ असे लिहितो. ‘काढू नये’ लिहिलेली वायर घरातल्या बाई दुसऱ्या दिवशी झाडताना काढतात आणि त्याला पुन्हा चहाला यावे लागते.

त्याची खरी विद्या जुन्या सामानात दिसते. या हेडसेटबरोबर हातात धरायचे मूव्ह नावाचे दांडके 2010 साली पीएस थ्रीसाठी निघाले होते आणि तेच पुढे व्हीआरलाही चालले. त्याच्या बुडाशी मिनी यूएसबीचे तोंड असते. ती पिन आता बाजारातून गेली आहे, पण जोडणीबहाद्दराच्या घरी जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची वायर असतेच. तो ती आणतो, दांडके चार्ज होते आणि पुढची कित्येक वर्षे त्या घरात त्याचा शब्द चालतो. याउलट 2017च्या अखेरीस सोनीने याच हेडसेटची सुधारलेली आवृत्ती काढली तेव्हा त्याची फजिती झाली. नवे खोके टीव्हीला एचडीआर, म्हणजे उजेड-अंधार जास्त ठळक दाखवणारे, चित्र पोचवू लागले, पण जुना हेडसेट नव्या खोक्याला किंवा नवा जुन्या खोक्याला चालेनासा झाला. पुण्याहून एकाकडून हेडसेट आणि दुसऱ्याकडून खोके स्वस्तात मिळवून देणाऱ्याला हे घरी आल्यावर कळते. अशा वेळी तो दोष कधीही हेडसेटला देत नाही. ‘तुमच्याकडं व्होल्टेज कमी आहे, आण्णा,’ असे म्हणून तो उठतो.

या खोक्याचा एक गुण मात्र वादातीत आहे. त्याला कोणतेही एचडीएमआय चित्र दिले तरी ते हेडसेटमध्ये मोठ्या पडद्यासारखे सपाट दिसते. सिनेमॅटिक मोड म्हणतात तो हाच, आणि त्यातला सर्वांत मोठा पडदा 226 इंची असतो. जोडणीबहाद्दराने एकदा त्यात मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलची वायर घातली आणि चित्र दिसले, तेव्हापासून तो ‘एक्सबॉक्सवर व्हीआर मीच पहिल्यांदा चालवला’ असे सांगत फिरतो. ते व्हीआर नव्हे, डोळ्यांसमोर टांगलेला टीव्ही होय. मान वळवली म्हणून त्यात काही वळत नाही. पण सेट-टॉप बॉक्स जोडून आजीला संध्याकाळच्या मालिकेतली सासू 226 इंची दाखवल्यावर हा बारकावा विचारायला घरात कोणी उरत नाही.

पीएस फाइव्ह भारतात 2 फेब्रुवारी 2021 रोजी आला. जुना हेडसेट त्यावर चालतो, पण पीएस फोरचेच व्हीआर खेळ खेळण्यापुरता, आणि तेही कॅमेरा पीएस फोरचाच असेल तर. पीएस फाइव्हसाठी निघालेला नवा एचडी कॅमेरा या कामी येत नाही. जुन्या कॅमेऱ्याची पिन नव्या कन्सोलला बसत नाही, म्हणून सोनीने एक छोटा अ‍ॅडॉप्टर काढला आणि खोक्यावरचा सिरियल नंबर कळवणाऱ्या मालकांना तो मोफत देऊ केला. कंपनी काहीतरी फुकट देते, ही गोष्ट जोडणीबहाद्दराने अजून पूर्णपणे मान्य केलेली नाही. जोडणी मात्र त्याला फार आवडली: पीएस थ्रीच्या काळातले दांडके, पीएस फोरचा हेडसेट आणि पीएस फाइव्हचा कन्सोल, तिन्ही एका टीव्हीखाली. एवढे करून खेळ पीएस फोरचाच चालतो, हे तो हळू आवाजात सांगतो.

22 फेब्रुवारी 2023 हा त्याच्या दिनदर्शिकेतला काळा दिवस. त्या दिवशी पीएस व्हीआर टू आला. साडेचार मीटरची एकच वायर, ती पीएस फाइव्हच्या पुढच्या यूएसबी-सी तोंडात घातली की काम संपले. खोके नाही, टीव्हीवर कॅमेरा नाही. डोके कुठे वळले हे हेडसेटवरचेच चार कॅमेरे ओळखतात. सातवीतला पोरगा हे सगळे एकट्याने जोडतो आणि जोडणीबहाद्दर दारात चप्पल काढेपर्यंत खेळ सुरू झालेला असतो. त्याला उरते ते फक्त वाईट बातमी सांगणे, आणि ते तो मन लावून करतो. नवा हेडसेट पीएस फोरवर चालत नाही, आणि जुन्या हेडसेटचे खेळ नव्यावर चालत नाहीत. कपाटातल्या जुन्या डिस्का पाहून तो म्हणतो, ‘ह्या आता टीव्हीवरच बघायच्या.’ त्यातल्या केवळ व्हीआरसाठी केलेल्या डिस्का टीव्हीवरही खेळता येत नाहीत, हे तो वहिनींसमोर सांगत नाही.

पण सिद्धांताचा खरा पराभव मेटाच्या क्वेस्ट हेडसेटने केला. अमेरिकेतला भाचा दिवाळीला येताना क्वेस्ट थ्री आणतो आणि घरात आधीपासून पीएस फाइव्ह असतो. दोघांनाही यूएसबी-सी. पिन लोण्यासारखी बसते. जोडणीबहाद्दर ती बसवतो, मागे सरकतो आणि सगळ्यांना दिवा दाखवतो, ‘बघा, करंट घेतोय.’ करंट घेतोच, कारण क्वेस्ट फक्त चार्ज होत असतो. कन्सोल त्याला ओळखतच नाही. क्वेस्टच्या पोटात स्वतःचा प्रोसेसर असल्याने तो एकट्याने चालतो, चांगल्या ग्राफिक्स कार्डाच्या कॉम्प्युटरलाही जोडता येतो. पण प्लेस्टेशनशी त्याचा व्हीआरपुरता काडीचाही संबंध नाही. जोडणीबहाद्दर हे मान्य करत नाही. ‘अपडेट यील,’ असे तो सांगतो आणि भाचा परत अमेरिकेला जाईपर्यंत वाट पाहतो.

एक्सबॉक्सची कथा त्याहून चमत्कारिक. जून 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने पुढच्या कन्सोलची घोषणा करताना व्हीआरची भाषा केली होती. तो कन्सोल पुढच्या वर्षी एक्सबॉक्स वन एक्स म्हणून आला तो व्हीआरविना, आणि 2018 मध्ये एक्सबॉक्ससाठी असा काही बेत नसल्याचे कंपनीने सांगून टाकले. त्यानंतरच्या सिरीज एक्स आणि एसवरही व्हीआर नाही. तरी 2025च्या जूनमध्ये क्वेस्ट थ्री-एसची काळ्या-हिरव्या रंगातली एक्सबॉक्स आवृत्ती निघालीच. तिच्यावर नाव एक्सबॉक्सचे, बरोबर कंट्रोलर एक्सबॉक्सचा, आणि त्यात इंटरनेटवरून एक्सबॉक्सचे खेळ दिसतात, पण सपाट पडद्यावर. जोडणीबहाद्दराने आयुष्यभर तोंडी जे केले ते इथे दोन मोठ्या कंपन्यांनी छापून केले, त्यामुळे या हेडसेटचे चित्र तो मोबाइलमध्ये जपून ठेवतो.

निन्टेंडोच्या वाट्याला तो फारसा जात नाही. 1995चा लालभडक व्हर्च्युअल बॉय वर्षभरही टिकला नाही, आणि 2019 मध्ये स्विचसाठी निघालेला लॅबो व्हीआर पुठ्ठ्याचा होता. पुठ्ठ्याला पिन नसते.

एकाचा हेडसेट दुसऱ्याच्या कन्सोलला का चालत नाही, याचे उत्तर व्यापारात आहे. कन्सोलवर कंपनीला फारसे सुटत नाही, कधी पदरचेही घालावे लागतात. कमाई खेळांच्या विक्रीतून येते. दुसऱ्याचा हेडसेट आपल्या कन्सोलला चालू दिला की त्याबरोबर दुसऱ्याचे दुकानही घरात येते, म्हणून दार आतून बंद. कॉम्प्युटरच्या जगात 2019 पासून ओपनएक्सआर नावाचा सामायिक नियम आहे आणि निरनिराळे हेडसेट एकच खेळ चालवू शकतात. सोनीनेही ऑगस्ट 2024 मध्ये पीएस व्हीआर टू कॉम्प्युटरला जोडणारा अ‍ॅडॉप्टर विकायला काढला. त्याला डिस्प्लेपोर्ट 1.4 लागतो, त्याची केबल वेगळी घ्यावी लागते, ब्लूटूथ लागते, आणि इतके करून डोळ्यांची हालचाल ओळखणे व एचडीआर बंद पडते. जोडणीबहाद्दराला हा अ‍ॅडॉप्टर देवाघरचा प्रसाद वाटला. पुन्हा खोके, पुन्हा वायरी, पुन्हा ‘काढू नये’.

सातारी आणि सांगलीकर या दोन उपजातींत फरक आहे. सातारी आधी पिन घालतो आणि मग विचार करतो. सांगलीकराच्या शहरात 1947 पासून इंजिनीअरिंग कॉलेज आहे. तिथे न शिकलेल्यालाही त्याचा वारा लागतो, त्यामुळे तो आधी वहीत आकृती काढतो, बाण दाखवतो, मिनिटभर थांबतो आणि मग तीच चुकीची पिन घालतो. हे दोघे कराडच्या एखाद्या मंगल कार्यालयात लग्नाच्या निमित्ताने भेटले की नवरदेव बोहल्यावर चढला तरी कोपऱ्यातून ‘एचडीआर जातंय’, ‘कुठलं जातंय, बघितलंय मी’ असे ऐकू येत राहते.

हेडसेट चढवल्यानंतरची व्यवस्थाही त्याच्याकडेच असते. उभे राहून फिरायचे तर पीएस व्हीआर टूला किमान दोन मीटर लांब-रुंद मोकळी जागा लागते. दिवाण, टीपॉय आणि शोकेस असलेल्या खोलीत ती नसते, म्हणून टीपॉय स्वयंपाकघरात जातो. हेडसेटमधले दृश्य टीव्हीवर इतरांनाही दिसते, पण तिकडे कोणी पाहत नाही. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ हे नाटक रंगवले, तेव्हापासून तिथल्या माणसाला जिवंत नट समोर असताना दुसरीकडे बघायची सवय नाही. सगळे घर हवेत हात मारणाऱ्या आत्याकडे बघत बसते. तिचे डोळे सांगतात आपण धावतोय, कानाच्या आतला तोल सांगतो आपण उभे आहोत, आणि या भांडणात पोट ढवळते. सातारी उपजात यावर पसरणीच्या घाटात गाडी लागल्यावर करतात तो उपाय करते: आवळा सुपारी, आणि ‘लांब बघा, आक्का’. आक्कांच्या डोळ्यांपासून दोन बोटांवर काच असते. बारा वर्षांखालच्या मुलांना हेडसेट लावू नये असे सोनी सांगते. हा एक नियम तरी त्याने काटेकोर पाळावा, पण खोलीतले सगळ्यांत मोठे आग्रही नऊ वर्षांचे असतात आणि त्याला नाही म्हणता येत नाही.

तो स्वतः खेळत नाही. मिरजेचा तंतुवाद्य कारागीर दिवसदिवस जवारी घासतो आणि सूर लागला की सतार पुसून वादकाच्या हाती देतो, तसे चित्र आले की तो हेडसेट काढून पोरांना देतो आणि वायरींकडे वळतो. खेळातली गाडी पळते की नाही हे त्याला पाहायचे नसते, तिचा आवाज उजव्या कानात आधी येतो का एवढे तो ऐकतो. त्याचे चुकते त्याहून त्याचे बरोबर येते, आणि जे येते ते बहुतेक जुन्या सामानाचे असते. दुकानात नवे विकणारा माणूस जुन्याची जबाबदारी घेत नाही. ती हा घेतो, चहावर आणि फार तर एका भडंगाच्या पुड्यावर.

हेडसेट घेणाऱ्याने पैसे देण्याआधी कन्सोलचे पूर्ण नाव, हेडसेटचा मॉडेल नंबर आणि खोके असल्यास त्याचाही नंबर कागदावर लिहून दुकानदाराला दाखवावा, आणि पिन बसते एवढ्यावर भागवू नये. जोडणीबहाद्दराचा पत्ता शोधण्याची गरज नाही. गल्लीत मोठा पुठ्ठ्याचा डबा रिक्षातून उतरलेला त्याने पाहिलेला असतो.