लागला तर तुटेल ना!

4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री कोंढाणा सर झाला. राजगडावर महाराजांना ते कळलं कसं? सभासद बखरीत आहे की मावळ्यांनी गडावरची पागेची घरं पेटवून दिली आणि तो उजेड राजगडावरून दिसला. तानाजी सुभेदार पडल्याचं मात्र उजेडातून कळेना, ते दुसऱ्या दिवशी जासुदानं येऊन सांगितलं. थोडक्यात, सिग्नल फुल, आवाज नाही. पोलादपूर तालुक्यातल्या वाचकांना ही अवस्था नव्यानं समजावून सांगायला नको.

सुभेदारांचा देह मढे घाटानं उतरवून इथल्याच उमरठला आणला, असं पिढ्यानपिढ्या सांगतात. समाधी तिथंच आहे, शेलारमामांचीही आहे. 2020 च्या जानेवारीत 'तान्हाजी' लागला आणि लांबलांबच्या गाड्या उमरठचा रस्ता विचारू लागल्या. येणारा आधी नमस्कार करतो, मग सेल्फी काढतो आणि मग फोन डोक्यावर धरून हळूहळू गोल फिरू लागतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, प्रदक्षिणा चाललीय. माणूस रेंज शोधत असतो.

देशात समता कुठं शिल्लक असेल तर ती रिचार्जच्या दरात. गरीब-श्रीमंत, शहर-खेडं, डोंगर-सपाटी, कसलाही भेद नाही. 2024 च्या जुलैच्या 3 आणि 4 तारखेला तिन्ही खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले. त्यातल्या एकीचा दिवसाला दीड जीबीचा, 28 दिवसांचा 239 चा प्लॅन 299 वर गेला. नरिमन पॉइंटला 299, उमरठलाही 299. तिथल्या माणसाला सवलत नाही, इथल्यालाही नाही. तिथल्याला त्यात इंटरनेट मिळतं, एवढाच काय तो किरकोळ फरक. शिवाय दिवसाला दोन जीबीचा किंवा त्याहून मोठा प्लॅन मारलात तर फाइव्ह-जी अमर्याद! जिथं टू-जीची मारामार तिथं फाइव्ह-जी अमर्याद वाटून टाकायला कुणाच्या खिशातून काय जातंय?

आणि ते 28 दिवस. वर्षाचे महिने बारा, रिचार्ज तेरा. आपल्या पंचांगात अधिक महिना तीनेक वर्षांनी एकदा येतो, मोबाइलच्या पंचांगात दरवर्षी येतो. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे नि वाण द्यायची रीत आहे. हा जावई वर्षातून एकदा तेरावं वाण नेतो आणि मुलगी नांदते की नाही ते विचारायला फोन लावला तर लागत नाही. 2022 च्या जानेवारीत दूरसंचार नियामक ट्रायनं कंपन्यांना बजावलं की निदान एक प्लॅन तरी 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवा. ठेवले. ॲपमध्ये बोट झिजेपर्यंत खाली गेलं की सापडतात.

पोलादपूरला एका रिचार्जच्या दुकानात परवा उमरठकडचे एक नाना आले होते. मुलगा नालासोपाऱ्याला. एरवी तोच तिकडून रिचार्ज मारतो, या खेपेला विसरला असावा. दुकानदार पोरगा हुशार.

"नाना, हा घ्या. दिवसाला दोन जीबी."

"दिवसाला? मी रेंजला जातो बुधवारी आणि रविवारी. मधल्या दिवसांचं काय?"

"ते संपतं रात्री बाराला."

"मी वापरलंच नाही तर संपेल कसं?"

"तसंच असतं, नाना. उरलेलं जातं."

"कोण नेतं?"

दुकानदारानं काउंटरवरचा धूळ बसलेला चार्जर पुसायला घेतला. माझ्या माहितीत दूरसंचार धोरणाला विचारलेला इतका नेमका प्रश्न संसदेतही आलेला नाही.

"साठवून ठेवता येत नाही का? गणपतीत पोरं येतात तेव्हा लागेल," नाना म्हणाले. गणपतीत, नाना, ते कुणालाच मिळत नाही. मुंबई, विरार, नालासोपाऱ्याहून चाकरमानी उतरतो, घरटी पाच-सहा फोन वाढतात आणि एका टॉवरची जेवढी म्हणून ताकद असते ती सगळ्यांत वाटली जाते. आरती लाइव्ह करायला निघालेल्या पुतण्याचं गोल गोल फिरणारं चक्र विसर्जनापर्यंत फिरत असतं. शिमग्याला पालखी नाचते तेव्हाही तेच.

शेवटी नानांनी नुसत्या बोलण्याचा प्लॅन घेतला. हा प्लॅनही सुखासुखी आलेला नाही. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायनं सांगितलं की ज्याला नेट नको त्याच्या गळ्यात नेट मारू नका, फक्त कॉल आणि एसएमएसचं वेगळं व्हाउचर ठेवा. मग 84 दिवसांना साडेचारशेच्या आसपासचे प्लॅन निघाले. दिवसाला साडेपाच रुपये. स्वस्त आहे, म्हणेल कुणीही.

पण कशाच्या मानानं स्वस्त? शहरात भाव जीबीवर काढतात. इथं तो पूर्ण झालेल्या वाक्यावर काढायला हवा. ज्यावर चढलं की रेंज येते त्या दगडावर उभ्या असलेल्या माणसाचं बोलणं जरा कान देऊन ऐका. "हॅलो. हॅलो. ऐकू येतंय का? आता? आता येतंय? थांब, वर जातो. हां, बोल. काय? आईला काय झालं? हॅलो?" एवढ्यात वाक्य पुरं झालं ते एकच, "थांब, वर जातो", आणि तेही बातमी म्हणून काही कामाचं नाही. दिवसातून असं एक जरी धडकं वाक्य मुलाच्या कानावर पडलं तरी त्याचा भाव साडेपाच रुपये. तार खात्याचे जुने दर काढून बघा, शब्दाला पैसे घेत असत, पण तार पोचायची.

आता कंपन्यांचीही बाजू मांडतो, नाहीतर म्हणाल सदरवाला एकांगी आहे. या खोऱ्याच्या डोक्यावर महाबळेश्वरचा डोंगर भिंतीसारखा उभा. टॉवरला आणि फोनला जवळजवळ एकमेकांचं तोंड दिसावं लागतं. वारंवारता कमी असली तर लहर थोडी वळून, झाडीतून वाट काढत येते. फाइव्ह-जीची 3300 मेगाहर्ट्झवाली लहर पहिल्याच कड्यावर डोकं आपटून बसते. इथं टॉवर उभारायचा तर खर्च शहराइतकाच किंवा जास्त, गिऱ्हाईक मात्र दोन वाड्या आणि गुरं. वर पावसाळ्यात लाइट गेली की बॅटरीवर किती तास काढणार, मग डिझेल, आणि डिझेल चढवायला रस्ता. हिशेब जमत नाही, खरं आहे. पण हिशेब जमणार नाही हे ओळखूनच सरकार कंपन्यांच्या समायोजित महसुलातले 5 टक्के खेड्यापाड्यांतल्या सेवेसाठी वेगळे घेत आलंय. आधी त्याला युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड म्हणत, आता डिजिटल भारत निधी म्हणतात. नाव सोपं केलं, ही प्रगती मान्य करायला हवी. जुलै 2022 मध्ये मंत्रिमंडळानं 24,680 गावांत फोर-जी पोचवायला 26,316 कोटी रुपये मंजूर केले, तेही बीएसएनएलच्या हातून.

कंपनी बदलून बघा, असं शहाणे सांगतात. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर 20 जानेवारी 2011 पासून आहे. 1900 ला एसएमएस करायचा. तो जायला दगडावर चढावं लागतं, तेवढं सोडा. मात्र पुष्कळ ठिकाणी दोन-तीन कंपन्यांचे अँटेना एकाच खांबावर टांगलेले असतात, भाड्यानं. खाली लाइट एकच, जनरेटर एकच. लाइट गेली की सगळ्या कंपन्या एकदिलानं जातात. याला बाजारात स्पर्धा म्हणतात.

बरं, तक्रार करावी म्हणाल, तर नियम आपल्या बाजूचे आहेत. ट्रायनं 2015 मध्ये ठरवलं होतं की कॉल तुटला तर गिऱ्हाइकाला रुपया परत, दिवसाला जास्तीत जास्त तीन. 11 मे 2016 रोजी सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं. राहिला गुणवत्तेचा निकष: तुटणारे कॉल 2 टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. या निकषात उमरठचा माणूस कंपनीवर कधीच डाग लागू देत नाही. कॉल तुटायला आधी लागावा लागतो. आमच्याकडे लागतच नाही, तर तुटेल कुठून? शून्य टक्के! शहरातली पोरं दिवसाला वीस कॉल लावून तोडतात आणि आकडे बिघडवतात.

2024 चे नवे नियम तर आणखी प्रेमळ. सेवा 24 तासांहून जास्त बंद राहिली तर प्रीपेडवाल्याला तेवढे दिवस वाढवून द्यायचे. फक्त ती बंद पडायला हवी जिल्ह्याच्या पातळीवर. आमचा जिल्हा रायगड, आणि त्यात पनवेल येतं. पनवेल मूग गिळून बसल्याशिवाय उमरठला दाद नाही. त्याच नियमांनी कंपन्यांना आपापल्या रेंजचे नकाशे वेबसाइटवर टाकायला लावले. नकाशा उघडायला नेट लागतं, हा विनोद तुम्ही आधीच केला असेल. मी पोलादपुरात बसून उघडला. एका कंपनीनं आमच्या बाजूचा कडा गडद रंगवलाय. कड्यावर माणूस राहत नाही, पण वानरांची तक्रार मिटली.

नियमात एक कलम असंही आहे की नैसर्गिक आपत्तीत बंद पडलं तर भरपाई नाही. कागदावर बरोबर वाटतं. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यात तळियेवर दरड आली, त्याच पावसात पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसं गाडली गेली. तळियेत ऐंशीहून जास्त जीव गेले. वीज नव्हती, रस्ते तुटले होते, फोन लागत नव्हते, आणि मदत पोचेपर्यंत गावातली माणसंच हातानं माती उपसत होती. वर्षाचे 364 दिवस रील बघायला रेंज नसली तर मी हे सदर लिहून मोकळा होतो. उरलेल्या एका दिवसासाठी टॉवर लागतो, आणि नेमका तोच दिवस नियमातून वगळलाय.

म्हणून माझं मत विचाराल तर प्लॅन 299 चा 199 ला करून आमचं काही भलं होणार नाही. आमचं भलं एकाच गोष्टीत आहे: खोऱ्यात ज्याचा टॉवर दिसेल त्याच्यावर कुठल्याही सिमचा फोन लागावा. हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. सरकारनं जानेवारी 2025 मध्ये, डिजिटल भारत निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरांवर अशी सोय सुरू केली आहे. सगळ्या टॉवरांवर नाही, फक्त त्या. डोंगराळ तालुक्यांत ती सगळ्यांवर सक्तीची करा, मग घ्या हवे तेवढे पैसे.

ही थोर योजना मी नानांना दुकानाच्या पायरीवर, एसटीची वाट बघताना, सविस्तर समजावून सांगितली.

"म्हणजे पैसे आपल्या कंपनीला भरायचे आणि बोलायचं दुसऱ्याच्या रेंजवरून?" नाना म्हणाले.

"अगदी तसंच."

"मग यात नवीन काय? मी दर वेळी रिचार्ज माझ्यात मारतो आणि बोलतो शेजारच्या वहिनीच्या फोनवरून."