मढ्याचं सोवळं

हुबळी-धारवाडचे चोखंदळ रसिक सिनेमाचं सोवळं कडक पाळतात. १९७० चा कन्नड ‘संस्कार’ तुटपुंज्या पैशांत झाला. नायक धारवाडात वाढलेले गिरीश कार्नाड, आधी सेन्सॉरची बंदी, मग राष्ट्रीय पुरस्कार. म्हणजे कला! १९७२ चा रामसे बंधूंचा ‘दो गज जमीन के नीचे’ही काटकसरीतच झाला, म्हणजे टाकाऊ! वास्तविक दोन्हींत कथा मढंच पुढे नेतं. एकाला अग्नी कोणी द्यायचा यावर ब्राह्मणांचं अख्खं अग्रहार अडून बसतं. दुसरं कोणाची वाट न बघता स्वतःच उठून कामाला लागतं. रसिक पहिल्यावर परिसंवादात बोलतात, दुसरा मात्र घर झोपल्यावर मोबाइलवर बघतात. कोणी पकडलंच, तर ‘कल्ट’ म्हणायची सोय आहेच!