पॉइंटशेठ

पॉइंटशेठना इंग्रजी शब्द येतात जेमतेम तीस. तेवढ्या भांडवलावर त्यांनी पळस्पे फाट्यापासून उलव्यापर्यंतची जमीन पार्ट्यांना फिरवून दाखवली आहे. आपण एका अर्थासाठी शब्द शोधत बसतो. शेठना ती अडचण नाही. त्यांच्या एकेका शब्दात पाच-सहा अर्थ कायम तयार असतात आणि कुठला काढायचा ते समोरच्याचं तोंड बघून ठरतं.

खरं नाव आधार कार्डावर असेल. रायगडात ज्याच्याकडे चारचाकी आणि दोन मोबाइल तो शेठ, त्यामुळे त्या अर्ध्या नावाची चौकशी कोणी करत नाही. उरलेलं अर्धं त्यांच्या जिभेने दिलं. प्रत्येक वाक्य "पॉइंट असा आहे" इथून सुटतं. भेटायचं ते वडापावच्या पॉइंटवर. फ्लॅट दाखवताना हॉलला सहा पॉइंट, किचनला चार. वडाळे तलावाकडे तोंड केलेली कुठलीही गॅलरी म्हणजे सेल्फी पॉइंट. आणि व्यवहार जुळत आला की आवाज खाली आणून ते विचारतात, "मंग पॉइंटाचं काय?" तेव्हा वडा, वीज, गॅलरी यांचा काही संबंध नसतो. एक पॉइंट म्हणजे एक टक्का, आणि तो दोन्ही बाजूंनी.

पांढरा शर्ट, खिशाला कधी न उघडलेलं पेन, गाडीच्या डॅशबोर्डवर रबरबँड लावलेली सातबाऱ्यांची गुंडाळी. त्यातला एक उतारा मी हातात घेऊन पाहिला आहे. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स. पीकपाहणीचे रकाने पार उडालेले, आणि गट नंबरातला आकडा तीन की आठ, याचा निवाडा शेठ कागद उन्हाकडे धरून करत होते. "तीन धरू," म्हणाले. "आठवाली पार्टी जरा किचकट आहे."

हार्बर लाइन पनवेलपर्यंत आली १९९८ साली. त्याआधी शेठ भाजीच्या लाइनीत होते. "लाइन आली आणि आपण या लाइनीत आलो," हे ते अभिमानाने सांगतात. त्यांच्या तोंडी फाइल लाइनीत असते, साहेब लाइनीवर असतात, धाकटा चिरंजीव कॉलेजच्या गेटवर लाइन मारत असतो आणि जमीन मात्र 'लाइनीतली' असते. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण भाव चढा असतो. 'लाइन क्लिअर' हे ते गाडीबद्दल म्हणतात, सातबाऱ्याबद्दल म्हणतात आणि श्रावण संपला की मटणाबद्दलही म्हणतात.

पार्टीचं तर विचारूच नका. गिऱ्हाईक पार्टी, मालक पार्टी, ज्यांचं राज्य चालू आहे ती पार्टी, आणि ढाब्यावर बसतात ती पार्टी. एकदा फोनवर शेठ म्हणाले, "पार्टीने पार्टी बदलली, त्याची पार्टी होती, आपली पार्टी पण तिथेच बसवली." वाक्य पूर्ण होतं आणि पलीकडच्याला ते कळलंही. बॉडीची गत तशीच. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, २०१६ ला तिची महानगरपालिका झाली. तेव्हापासून 'बॉडी' म्हटलं की ती सभागृहातली, कळंबोलीत ट्रकवर चढवतात ती, की जिममध्ये मुलगा कमावतोय ती, हे मागचं-पुढचं वाक्य ऐकून ठरवावं लागतं. "बॉडी बसली की आपलं काम झालंच," असं ते परवा एका शोकसभेत शेजाऱ्याच्या कानात म्हणाले. दोन बायकांनी वळून पाहिलं.

शेठ खोटं बोलत नाहीत, हे मी पैजेवर सांगतो. "फाइल मूव्ह झाली," असं ते सांगतात ते खरंच असतं. फाइल टेबलावरून कपाटात गेली तरी मूव्ह झालीच, आणि बेलापूरहून परत पनवेलला आली तरीही झालीच. खोटं बोलायची गरज शब्दच ठेवत नाही. फसलेला माणूस रागावून येतो, तेव्हा शेठ शांतपणे त्याच शब्दाचा दुसरा अर्थ काढून समोर ठेवतात. माणूस स्वतःच्या इंग्रजीला दोष देत घरी जातो. त्यातून बीई झालेला असेल तर जास्तच गप्पपणे जातो.

एकदा एका आजीबाईंना ते नवीन पनवेलला फ्लॅट दाखवत होते. "सहाशे कार्पेट मिळेल." आजी म्हणाल्या, "एवढी कशाला? धूळ फार बसते. एक घाल हॉलमध्ये, बास." आम्ही हसलो, पण आजींचं फारसं चुकलं नव्हतं. त्याआधीची कितीतरी वर्षं लोक 'सुपर बिल्टअप' नावाचं प्रकरण विकत घेत होते. जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा आपल्या माथी मारून कागदावर घर फुगायचं, आणि आत गेलं की कपाट उघडायला पलंग सरकवावा लागायचा. त्यालाच 'सुपर' म्हणायचं! पुढे रेराचा कायदा आला, २०१७ च्या मे महिन्यापासून महारेराचं काम सुरू झालं आणि कार्पेटचा अर्थ कायद्याने बांधून टाकला. आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या नाही, बाल्कनी नाही. शेठना तो आघात होता. हातातला एक बरा चालणारा शब्द सरकारने एकअर्थी करून टाकला. त्यानंतर ते फ्लॅटमधून हळूहळू प्लॉटकडे सरकले. प्लॉट कथेचा असतो, कटाचा असतो आणि जमिनीचाही असतो, आणि तिन्हींची सोय तिथे एकाच जागी होते.

पनवेलच्या काही शब्दांना मात्र शेठही जपून हात लावतात. 'साडेबारा' हा त्यातला. बाहेरच्या पार्टीला ते म्हणाले, "हा साडेबाराचा प्लॉट." पार्टीने घड्याळ पाहिलं. "मग आत्ताच निघू या का?" शेठ हसले नाहीत. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघरच्या बाजूला शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या, पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत, हा हिशोब आला. शेठच्या घरी दिबांचा फोटो देवघराशेजारी आहे. साडेबारा म्हणजे साडेबारा, त्याला दुसरा अर्थ लावलेला ते खपवून घेत नाहीत.

नैनाचं तसं नाही. नवी मुंबई विमानतळाभोवतीचं हे क्षेत्र २०१३ साली जाहीर झालं आणि इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळून आली ती एखाद्या नायिकेसारखी. शेठ एकदा घरच्या ओट्यावर फोनवर बोलत होते, "दहा वर्षं झाली, सगळे पैसे नैनामध्ये अडकलेत, ना सोडवत ना धरवत." आतून वहिनींनी भांडं आपटलं. तो अर्थ निस्तरायला शेठना रात्रीचं जेवण थंड होईपर्यंत विकास आराखडा समजावून सांगावा लागला.

माझी पुतणी इंग्रजी घेऊन एम.ए. करते. तिने शेठना सांगितलं की ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' या एका क्रियापदाचे ४३० अर्थ आहेत आणि नव्या आवृत्तीच्या कामात 'रन' ६४५ वर गेलाय. शेठनी चहाचा कप खाली ठेवला. "चारशे तीस? त्यात सेटिंग धरलंय का?" मग बोटं मोजायला लागले. दातांचा सेट, गळ्यातला सेट, पोरगा दुबईला सेट, डोकं सेट नाय. 'रन'बद्दल मात्र त्यांना आदर वाटला नाही. "रन क्रिकेटमध्ये आणि रनवेवर. तेही आराखड्यात दोनच आहेत."

रनवेशी त्यांचं नातं जुनं. विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मान्यता २००७ ची, पायाभरणी फेब्रुवारी २०१८ ची, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ चं आणि प्रवासी विमानं सुटायला लागली २५ डिसेंबरला. शेठची विमानं २००७ पासूनच उडत होती. त्यांचा प्रत्येक प्लॉट 'एअरपोर्ट टच'. एवढ्या प्लॉटांना खरोखर टच व्हायचं तर धावपट्टी खोपोलीपर्यंत ओढावी लागेल. पण टच हा त्यांचा सर्वांत लाडका शब्द. हायवे टच, स्टेशन टच, "टचमध्ये राहा," आणि भाव ऐकून पार्टी उठायला लागली की छातीवर हात ठेवून, "तुमचं बोलणं मनाला टच झालं बरं का."

आमचे भाऊजी कोरेगावचे निवृत्त मुख्याध्यापक. किराण्याच्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकत नाहीत. मुलगी खारघरला नोकरीला, म्हणून जवळपास तुकडा घ्यावा असं त्यांच्या मनात आलं आणि मी त्यांना शेठच्या गाडीत बसवलं. पहिल्या पाच मिनिटांतच खटका उडाला. शेठ म्हणाले, "आवडला तर टोकन देऊन टाका." भाऊजी म्हणाले, "टोकन घ्यायचं असतं. बँकेत पितळी मिळायचं." शेठ म्हणाले, इथे द्यायचं. "मग इसार म्हणा की," भाऊजी म्हणाले. एनएची, म्हणजे बिगरशेती परवानगीची चौकशी केली तर उत्तर आलं, "एनए प्रपोज्ड आहे." भाऊजींनी चष्मा पुसला. "म्हणजे मागणी घातली आहे. होकार आलाय का?"

जागा बरी होती. पुढून डांबरी रस्ता गेलेला, निदान शेठनी गाडी उभी केली तिथून तरी तसं दिसत होतं. "रोड टच," शेठ म्हणाले आणि बोटाने हवेत रस्ता काढून दाखवला. भाऊजींनी इसार दिला, पावती घेतली, पावतीवर 'इसार' लिहून घेतलं.

आठवड्याने वकिलाच्या टेबलावर खरेदीखताचा मसुदा आला. १९०८ चा नोंदणी कायदा मिळकतीचं वर्णन असं मागतो की ती ओळखता आली पाहिजे, त्यामुळे या कागदात पॉइंट, लाइन, टच यांना थारा नाही. लिहून देणार, लिहून घेणार, क्षेत्र, आकार, चतुःसीमा. सबंध मसुद्यात शेठना ओळखीचा शब्द एकच होता, त्यांचं स्वतःचं नाव, साक्षीदार म्हणून. ते खुर्चीत जरा आखडून बसले. भाऊजी शाळेत हजेरी घेत तसे मोठ्याने वाचू लागले. पूर्वेस दुसऱ्याचा गट. दक्षिणेस बांध. उत्तरेस पायवाट. पश्चिमेस ओढा.

भाऊजी थांबले. "शेठ, रस्ता कुठल्या दिशेला गेला?"

वकिलाने पंखा वाढवला. शेठनी मसुदा हातात घेतला, खिडकीकडे धरला, तीन आणि आठ तपासावेत तसा तपासला. मग चेहरा एकदम उजळला.

"पॉइंट असा आहे सर, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. हा वॉटर टच निघाला! याचा रेट वेगळा."