दोन लिटर चालतील, दोन वाट्या नाहीत

मंगळसूत्र ही रोजच्या गरजेची वस्तू नाही, हे आपल्याकडच्या बायकांना इतक्या स्पष्टपणे कुणी सांगितलं नव्हतं. ते काम 2016 च्या बॅगेज नियमांनी केलं. परदेशातून परतणाऱ्या प्रवाशाच्या ‘वैयक्तिक वस्तू’ कोणत्या, तर रोजच्या गरजा भागवणाऱ्या. आणि त्याच वाक्यात पुढं, दागिने त्यात धरायचे नाहीत. म्हणजे दात घासायचा ब्रश ही गरज, कंगवा ही गरज, आणि लग्नापासून गळ्यात असलेली पोत हा माल.

आता दागिने आणूच नका, असं काही ते नियम म्हणत नव्हते. सरकार इतकं निष्ठुर नसतं. बाईला 40 ग्रॅम, पुरुषाला 20 ग्रॅम, शुल्क न भरता. अट एवढीच, की परदेशातला मुक्काम एक वर्षाहून जास्त झालेला हवा.

इथं आपल्या आजी येतात. कोथरूड, डोंबिवली, नाशिक, कुठल्याही गावच्या समजा. लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेलेल्या. मेथीचे लाडू, डिंक, बाळाची दुपटी घेऊन गेल्या, आणि दोन पाटल्या, एक मंगळसूत्र अंगावर ठेवून परत आल्या. पाहुणी म्हणून गेलेल्या माणसाला अमेरिका एका खेपेला साधारण सहा महिने राहू देते. आपल्या नियमाला हवं वर्षापेक्षा जास्त. म्हणजे अमेरिकेचा कायदा पाळला तर भारताची सवलत गेली, आणि भारताची सवलत हवी असेल तर अमेरिकेचा कायदा मोडायचा. जगातल्या दोन मोठ्या लोकशाह्यांनी मिळून एका आजीची इतकी चोख नाकेबंदी केल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी माहितीत नाही.

बरं, वर्षभर राहिलेल्यांचं तरी भलं झालं का? सवलतीला वजनाची मर्यादा होती, तशीच किमतीचीही. पुरुषाला 50 हजार, बाईला एक लाख. हे नियम लागू झाले एप्रिल 2016 मध्ये. तेव्हा दहा ग्रॅम सोनं 28-29 हजारांच्या घरात होतं. गुणाकार करून पाहा. 20 ग्रॅमचे 50 हजारांहून जास्त होतात. थोडक्यात, 20 ग्रॅमची सवलत पहिल्या दिवसापासूनच 20 ग्रॅमची नव्हती. कायद्याच्या मसुद्यावर किती जणांच्या सह्या होतात, देव जाणे. त्यातल्या एकाच्याही बायकोनं त्या वर्षी सोनं घेतलं नसावं.

पुढं सोनं वाढत गेलं. एप्रिल 2025 मध्ये दहा ग्रॅमनी लाखाचा आकडा ओलांडला, तेव्हा पुरुषाचे दोन तोळे अर्ध्या तोळ्यावर आले होते आणि बाईचे चार तोळे एका तोळ्यावर. नियमाच्या पुस्तकात आकडे तेव्हाही तेच होते. सरकारचं सोन्याकडे लक्ष नव्हतं म्हणावं, तर तेही नाही. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आणलं. सराफ बाजाराची काळजी घेतली गेली. आजींचं शिष्टमंडळ दिल्लीला गेलं नव्हतं, एवढंच.

त्याच सरकारनं काय काय मोकळं सोडलं होतं, तेही वाचण्यासारखं आहे. दोन लिटर मद्य. 100 सिगारेटी. अठरा वर्षं पूर्ण केलेल्याला एक लॅपटॉप, मग तो दोन लाखांचा का असेना. यातलं काहीही आजींच्या बॅगेत नसतं. नातवंडांना चॉकलेटं, जावयानं दिलेली जीवनसत्त्वांची मोठी बरणी, आणि विमानात मिळालेली, न खाल्लेली बिस्किटं. दोन लिटरला आडकाठी नाही. गळ्यातल्या दोन वाट्यांचं काय, ते समोरच्या कस्टम्सच्या साहेबाच्या मर्जीवर.

पहाटेचे तीन. पंधरा तासांचं विमान, सुजलेले पाय, पट्ट्यावर अजून न आलेली दुसरी बॅग. समोर हिरवा मार्ग आणि लाल मार्ग. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, त्यानं हिरव्यानं जायचं. आजींना आयुष्यात कुणी ‘तुमच्याकडे काही सांगण्यासारखं आहे का’ असं विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं तर सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पण ते सगळं नातवाबद्दल.

“हे सोनं कधी घेतलं?”
“अहो, लग्नात.”
“बिल?”
“वडिलांनी केलं होतं.”
“वडिलांकडे असेल का?”

वडील जाऊन तीस वर्षं झाली. हा संवाद मी रचलेला आहे, पण एखाद्या विमानतळावर तो शब्दशः झालेला निघाला, तर दोष माझ्या कल्पनाशक्तीला देऊ नका.

साहेबांची बाजूही ऐकली पाहिजे. सोनं लगद्यात कालवून येतं, बुटाच्या तळव्यात येतं, पोटात आणि पोटाखाली कुठं कुठं येतं. काही जण 24 कॅरेटची जाड, ओबडधोबड साखळी सरळ गळ्यात घालूनही येतात. संशय घेणं हे त्या माणसाचं कामच आहे, आणि तो झोपेचा सौदा करून ते करतो. पण काल ओतलेली साखळी कोणती आणि मण्यांची दोरी तेलकट झालेलं, वाट्यांच्या कडा झिजलेलं मंगळसूत्र कोणतं, हे ओळखायला एक्स-रे यंत्र लागत नाही. कोपऱ्यावरचा सराफ चष्माही न लावता सांगेल.

उलट जिथं नजर हवी होती, तिथं काय झालं? मार्च 2025 मध्ये दुबईहून बंगळुरूला उतरलेल्या एका अभिनेत्रीकडे 14 किलोहून जास्त सोनं सापडलं. महसूल गुप्तचर संचालनालयाला आधीपासून संशय होता, म्हणून सापडलं. पोलिसांच्या शिष्टाचार खात्याची सोबत असल्यानं नेहमीची तपासणी टळत होती, असा आरोप आहे. प्रकरण न्यायालयात आहे, तेव्हा निकालाआधी निकाल नको. मला फक्त शिष्टाचार हा शब्द आवडला. आजींना तो मिळाला असता तर त्यांनी साहेबालाही एक लाडू दिला असता.

शहाणपण अखेर सापडलं ते कोर्टात. श्रीलंकेची एक नवविवाहिता डिसेंबर 2023 मध्ये चेन्नईला उतरली आणि तिची ताली, म्हणजे आपल्या भाषेत मंगळसूत्रच, जप्त झाली. 2025 च्या सुरुवातीला मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी ती परत करायला सांगितलं, आणि अंगावर घातलेला दागिना हा सामानातला माल नव्हे, असं म्हटलं. दिल्ली उच्च न्यायालयानंही ‘दागिने’ आणि ‘वापरातले वैयक्तिक दागिने’ यांत फरक करायला वारंवार बजावलं. म्हणजे जी गोष्ट विमानतळावरच्या कुठल्याही हमालाला एका नजरेत कळते, ती कायद्याला कळवण्यासाठी एका नवरीला वर्षाहून अधिक काळ वकील लावावा लागला. वकिलाच्या फीवर मात्र किमतीची मर्यादा नसते.

आता परदेशी निघणाऱ्या आयाबहिणींना एक कामाची गोष्ट. जाताना विमानतळावर कस्टम्सच्या कक्षात दागिने दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घेता येतं. येताना ते दाखवलं की हे सोनं इथूनच गेलं होतं, हे सिद्ध होतं. सोय जुनी आहे, चांगली आहे, आणि ती सांगणारी मोठी पाटी निघण्याच्या दारात कुणी लावत नाही. तिकीट छापणाऱ्यांनी ती ओळ तिकिटावर छापावी, एवढी मागणी फार नाही. तोवर बिल, नाहीतर सराफाचं मूल्यांकन आणि दागिन्यांचे फोटो जवळ ठेवा, नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा, आणि आधी सर्टिफिकेट, मग निरोपाचं रडणं, हा क्रम चुकवू नका.