साधंचराव

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लातूरच्या औसा रोडवर किंवा नांदेडच्या तरोडा नाक्याकडे हा गृहस्थ हटकून भेटतो. पाळण्यातलं नाव काहीही असो, आपण त्याला साधंचराव म्हणू. नोकरी बँकेत, कॉलेजात नाहीतर डाळ मिलच्या हिशेबात. बायकोही नोकरी करणारी. घर दोन खोल्या आणि हॉलचं. वर नाताळची सुट्टी. त्याच्या निमंत्रणाचे शब्द वर्षानुवर्षं बदललेले नाहीत: “काई नाई ओ, सगळे मिळून बसू, साधंच करणार हाव.” या ‘साधंच’वर विश्वास ठेवून जो दुपारी पोटभर जेवून जातो, त्याची फसगत ठरलेली. टेबलावर पनीर तीन रूपांत प्रकट झालेलं असतं, शेजारी बिर्याणी, तिच्याशी न बोलणारी पावभाजी, मुलांसाठी पास्ता, वजन कमी करणाऱ्या एका मित्रासाठी कोशिंबिरीचा डोंगर आणि शेवटी रबडी असूनही केक. मंचुरियन मात्र दिसत नाही, कारण ते ‘गरमागरमच द्यायचं’ म्हणून आत तळणं चालू असतं. साधंचराव दर वीस मिनिटांनी कपाळ पुसत बाहेर येतात, “तुम्ही सुरू करा ना” म्हणतात आणि पुन्हा आत गडप होतात. मित्र एकमेकांशी मनसोक्त गप्पा मारतात. ज्याच्या घरी ते जमलेत, त्याच्याशी मात्र त्या संध्याकाळी कुणाचं दोन वाक्यांपलीकडे बोलणं होत नाही. वहिनी हसत असतात, पण ते हसू सकाळी अकरा वाजता लावलेलं असतं.

हा माणूस खोटारडा नाही. यादी लिहायला बसला तेव्हा कागदावर खरोखरच चार पदार्थ होते, आणि पुढचा प्रत्येक पदार्थ सबळ कारणाने वाढला. नाताळ बहुतेकदा मार्गशीर्षात येतो, निम्म्या मित्रांच्या घरी महिनाभर सामिष बंद, म्हणून कोंबडी गेली. ती गेल्याची भरपाई म्हणून पनीर आलं. पनीर एकच कसं, म्हणून दुसरं आलं. आणि तिसरं मोबाइलवरच्या व्हिडिओत इतकं सोपं दिसलं की न करणं हाच आळस ठरला असता. एवढं होऊनही पोळ्या बाहेरून मागवल्या, या एका पुराव्यावर त्यांच्या मते बेत साधाच राहतो. साधेपणा त्यांना मनापासून हवा असतो. तो मोजायचा कशाने, एवढंच चुकतं. ते पदार्थ मोजतात. मोजायला हवं ते पाहुणा उंबऱ्याच्या आत आल्यावर करायचं उरलेलं काम. तेवढं शून्यावर आलं तर बारा पदार्थांचा बेतही साधा, आणि ते उरलं तर नुसती कांदाभजीसुद्धा यजमानाला दोन तास चुलीपाशी डांबून ठेवते.

हे पटवायला परदेशी पुस्तकं उघडायला नकोत. साधंचरावांच्या स्वतःच्या जिल्ह्यात, त्याच डिसेंबर-जानेवारीत, मार्गशीर्ष अमावस्येला येळवस होते. पंचांगाच्या भाषेत दर्शवेळा अमावस्या. 2022 साली ही अमावस्या 23 डिसेंबरला होती. 2019 साली तर ती 25 आणि 26 डिसेंबरवर पसरली होती आणि 26च्या सकाळी वर सूर्यग्रहण. म्हणजे नाताळ आणि येळवस अधूनमधून चक्क शेजारी येऊन बसतात. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, बाजारपेठ संचारबंदी लागल्यासारखी दिसते आणि सगळी माणसं रानात असतात. धाराशिवकडे, लातूरला लागून असलेल्या नांदेडच्या तालुक्यांत आणि सीमेपलीकडे बीदरकडेही हेच. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, तिच्यात चुन्याने रंगवलेल्या दगडांचे पाच पांडव, त्यांची पूजा, आणि मग जेवण. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला मित्र घेऊन जातो; कुणी किती माणसं आणावीत याचा हिशेब नसतो. आणि ताट बघा: भज्जी, आंबील, सजगुऱ्याचे म्हणजे बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, धपाटे, गव्हाची खीर, शेंगदाण्याच्या पोळ्या, दही, चटण्या. मोजले तर साधंचरावांच्या टेबलाच्या तोडीस तोड. तरी रानात कुणी कपाळ पुसत नाही.

याचं कारण त्या पदार्थांच्या स्वभावात आहे. आंबील म्हणजे ताकात कालवलेलं ज्वारीचं पीठ, लसूण, जिरं, मिरची. ती आदल्या दिवशी मडक्यात पडते आणि रात्रभर आंबूनच तिला चव येते. ताजी आंबील ही अर्धवट आंबील. भज्जीत ओली तूर, हरभरा, वाटाणा, मेथी, पातीचा कांदा, गाजर असं शिवारात जे आलं असेल ते, वर चिंच आणि बेसन. सकाळी शिजली की दुपारपर्यंत ती अधिक मुरते. उंडे गार खायचेच. भाकरी कडक झाली तर आणखी टिकते. म्हणजे पाहुण्यांची वाट बघण्यात या पंगतीतला एकही पदार्थ बिघडत नाही, उलट काही सुधारतात. मंचुरियनचं याच्या अगदी उलट आहे: पाचव्या मिनिटाला ते रुसतं, दहाव्याला लोळागोळा होतं. साधंचरावांनी अशा लहरी पदार्थांनाच आमंत्रण दिलंय, मित्रांना नंतर. दुसरी गोष्ट, येळवशीला काय करायचं हे कुणी ठरवत नाही. परंपरेने ते आधीच ठरवून टाकलंय. नांदेडला हजूर साहिबच्या लंगरमध्ये रोज हजारो माणसं जेवतात तीही याच बळावर: डाळ, रोटी, भाजी, आणि ‘आज काय करायचं’ हा प्रश्नच नाही. गृहिणीच्या डोक्याला जो शीण येतो, त्यातला बराचसा या प्रश्नाचा असतो.

यावर साधंचराव म्हणतील, रानाची गोष्ट वेगळी. घरी आलेल्याला गार वाढायचं म्हणजे अपमान. हा आक्षेप वजनदार आहे, कारण आपल्याकडे मानाचं मोजमाप वाफेवर होतं. तव्यावरचा फुलका ताटात टाकला की आदर पोचला. पण त्या फुलक्यामागे एक माणूस पंगत उठेपर्यंत उभं असतं आणि ते माणूस कोण, हे सांगायला नको. शिवाय खुद्द नाताळ ज्यांचा सण आहे, त्यांच्याकडे बघा. मराठी ख्रिस्ती घरांत करंज्या, शंकरपाळे, चकल्या, केक हे सगळं आठवडाभर आधी डब्यात जातं. सकाळची उपासना आटोपून भेटायला येणाऱ्याच्या हातात फराळाची बशी येते आणि यजमान त्याच्या शेजारी बसतो. गोव्यात कुलकुलं वळायला घरची-शेजारची मंडळी आधीच एकत्र बसतात, म्हणजे कामाच्याच वेळी गप्पा होऊन जातात. ज्या सणाच्या निमित्ताने साधंचराव घाम गाळतात, त्या सणाने गरमागरमचा आग्रह कधी धरलेला नाही.

खरा अवघड आक्षेप दुसरा आहे, आणि तो साधंचराव घेणार नाहीत, वहिनी घेतील. येळवशीचं कौतुक पुरे. आदल्या रात्री शेंगा कोण सोलतं, भाकरीचा ढीग कोण थापतं? बाया. अनेक घरांत त्या रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही, आणि सकाळी मडकं डोक्यावर घेऊन रानाची वाटही त्याच धरतात. यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. येळवशीने कष्ट संपवलेले नाहीत, ते पाहुण्यांच्या वेळेतून उचलून रात्रीत नेऊन ठेवलेत. पण तेवढ्यानेही एक गोष्ट साधते: दुपारी ती बाई इतरांबरोबर धुऱ्यावर बसून जेवते. साधंचरावांच्या घरी कष्टही होतात आणि बसणंही होत नाही. शिवाय आदल्या रात्रीचं काम वाटून घेता येतं. शेंगा सोलायला पदवी लागत नाही, चार मित्र क्रिकेटचा सामना बघत दोन किलो सोलतील. ऐन वेळेचं तळण मात्र एकट्याचंच असतं, कारण कढई एक आणि झारा एक.

भांड्यांचं तर बोलायलाच नको. एप्रिल 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या लातुरात साधंचराव माणशी चार वाट्या, दोन बश्या आणि रबडीची वेगळी काचेची कुंडी मांडतात. पत्रावळी ठेवल्या तर लोक काय म्हणतील, अशी त्यांना धास्ती. लोक काहीही म्हणत नाहीत. येळवशीला तेच लोक केळीच्या पानावर, पळसाच्या पत्रावळीवर, प्रसंगी भाकरीवरच भज्जी घेऊन जेवतात आणि तिसऱ्यांदा मागतात.

तेव्हा नाताळचा बेत अवघड नाही. भज्जीचं एक मोठं पातेलं, सकाळी केलेले धपाटे, घट्ट दही, शेंगदाण्याची चटणी, मडकंभर आंबील, बेकरीतला केक. जो येईल त्याने येताना एक डबा आणावा. हे सगळं साधंचरावांना कळतं; परीक्षांच्या निकालांसाठी गाजलेल्या लातूर पॅटर्नमध्ये शिकलेला माणूस आहे तो, गणित त्याला शिकवायला नको. तरीही तो हे करणार नाही, कारण भज्जी वाढून निवांत बसलेल्या यजमानाला कुणी “बापरे, किती केलंत तुम्ही!” म्हणत नाही. हे वाक्य त्याचं मानधन आहे, आणि ते आपणच देतो. दमलेल्या यजमानाची स्तुती करायची आणि बसलेल्या यजमानाबद्दल जिन्यात कुजबुजायचं, ही पाहुण्यांची रीत जोवर चालू आहे तोवर पनीरचं चौथं रूप निघतच राहणार. येत्या 31 डिसेंबरला त्यांच्याकडे पुन्हा बसायचं ठरलंय. यंदा अगदी साधंच आहे म्हणतात. फक्त मोमोज, आणि ते वाफेवरचे, म्हणून बारा-बाराच्या घाण्यात.