कॅमेरा फिरवा की जरा!

काय ओ वहिनी, सकाळी ओट्यावर दोन डबे, त्यावर झारा आडवा आणि झाऱ्यावर फोन पालथा, हे काय चाललं होतं? खिडकीतनं दिसलं म्हणून विचारते हो, मुद्दाम बघत नव्हते. उकडीच्या मोदकांच्या कळ्या? नागपूरच्या भाचीला शिकवत होता? मग असं सांगा की! मला वाटलं, फोन पाण्यात पडला आणि वाळत घातलाय.

पण डोकं चालवलंत हं. नाहीतर आमच्याकडं व्हिडिओ कॉल म्हणजे चारजणांनी एकमेकांना ढकलत तोंडं दाखवायची. सासूबाईंचं तर नुसतं कपाळ दिसतं, हनुवटी आजवर माझ्या लेकीनं पाहिलेली नाही. "जेवलीस का?" "थंडी आहे का गं तिकडं?" झालं, संपलं बोलणं. शिवाय इथले सकाळचे आठ म्हणजे लेकीच्या न्यू जर्सीत हिवाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ. मार्चात त्यांची घड्याळं तासभर पुढं सरकली की साडेदहा. पोरगी जांभई देते आणि सासूबाई म्हणतात, हिला आता आमच्याशी बोलायचा कंटाळा येतो.

म्हणून मी परवा लेकीला सांगितलं, तोंड बघून झालं, आता कॅमेरा फिरव आणि फ्रिज उघड. काय सांगू, भाजीच्या खणात कोथिंबिरीची अक्षरशः माती झालेली! तिथनं जे बोलणं सुरू झालं ते पाऊण तास. ती पोळ्या लाटायला लागली, मी इकडं शेंगा निवडायला घेतल्या. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं.

आमच्या ह्यांना तर प्रत्येक गोष्टीचा इतिहास लागतो. ते म्हणाले, अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीनं १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात चित्र दिसणारा फोन मांडला होता. १९७० साली पिट्सबर्ग शहरात तो भाड्यानं द्यायला सुरुवात केली, महिन्याला १६० डॉलर. फारसा कुणी घेतलाच नाही. घेणार कोण हो? पैसे मोजायचे ते मोजायचे, वर फोन वाजला की आधी केस विंचरायचे!

आणि इंग्लंडातल्या केंब्रिज विद्यापीठात काय केलं माहितेय? १९९१ सालची गोष्ट. संगणकाच्या प्रयोगशाळेत कॉफीचं भांडं एकच. लांबच्या खोल्यांतली मंडळी जिने चढून यायची आणि भांडं रिकामं! मग त्या हुशार लोकांनी भांड्यासमोरच कॅमेरा लावला, म्हणजे जागेवर बसून कळावं, कॉफी उरलीय की नाही. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर गेलं आणि २००१ मध्ये बंद होईपर्यंत जगभरचे लोक ते भांडं बघत होते. इंटरनेटवरचा पहिला कॅमेरा म्हणून ज्याचं नाव घेतात, तो माणसाच्या तोंडाकडं नव्हताच मुळी. मला तर फार पटलं.

हसू नका, आमच्या गच्चीवर सध्या तेच चाललंय. सांडगे वाळत घातले की हे जुना फोन चार्जरला लावून कठड्याच्या सावलीत ठेवतात. उन्हात नाही हं, तापला की आपोआप बंद पडतो तो. खाली स्वयंपाकघरात दुसऱ्या फोनवर कॉल चालू. कावळा उतरला की हे खालनंच "हाऽऽड" करतात आणि वर फोनमधनं तो आवाज येतो. काल कावळा उडाला नाही, पण धुणं वाळत घालणारी मावशी पार जिन्यापर्यंत पळाली.

थांबा, शिट्टी झाली कुकरची. आले हं.

हां, तर खरी गंमत सतारमेकर गल्लीतल्या चाचांकडची. आपल्या मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ना, तेव्हापासून बाहेरचं गिऱ्हाईक वाढलंय म्हणतात. गिऱ्हाईक बसलंय टोरांटोला आणि त्याला जवारी, म्हणजे तारांची ती घुमत राहणारी आस, ऐकून मगच तंबोरा घ्यायचाय. चाचांनी फोन लावला, तारा छेडल्या, आणि तिकडचा माणूस म्हणतो, ऐकूच येत नाही! सुरुवातीला टण् वाजतं आणि मागची सगळी आस गायब. चाचा वैतागले. तार बघितली, घोडी बघितली, घोडीवरचा सुताचा दोरा सरकवून बघितला. तंबोरा खणखणीत!

शेवटी त्यांच्या नातवानं उलगडा केला. ह्या कॉलच्या यंत्रणेला शिकवलेलं असतं की माणसाचा आवाज तेवढा पुढं पाठवायचा आणि मागं एकसारखी घरघर असेल तर ती गाळून टाकायची. पंखा, मिक्सर, रस्त्यावरची गाडी. तंबोरा तर न थांबता एकसारखाच वाजतो, म्हणून ते शहाणं यंत्र त्याला पंखा समजलं! कोण म्हणेल, मिरजेचा तंबोरा आणि पंखा एकच! झूममध्ये म्हणे मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायचं एक बटण असतं. ते चालू केलं आणि मग तिकडच्या माणसाला जवारी ऐकू आली. आता चाचा आधी बटण दाबतात, मग कॅमेरा भोपळ्याभोवती फिरवतात, कुठं चीर नाही ना ते गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून. त्यांचा स्वतःचा चेहरा आजवर एकाही गिऱ्हाइकानं बघितलेला नसेल, पण बोटं मात्र सगळे ओळखतात.

पलीकडच्या गाण्याच्या बाई शिकवतात ना कॅनडाच्या मुलीला, त्यांचंही तसंच. दोघींनी एकदम गायला घेतलं की सगळा गोंधळ, एक समेवर आली तरी दुसरी मागं रेंगाळते. हे म्हणतात, काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, तरी एवढ्या अंतराला जायचा वेळ लागणारच, शिवाय मधली यंत्रं आपापला वेळ घेतात, त्यामुळं ताल एकत्र धरता येत नाही. म्हणून बाई आधी एक ओळ गातात, थांबतात, मग ती मुलगी गाते. तंबोरा जिचा तिच्याकडं.

उपकरणं? अहो, ढीग आलीत. मान वाकवता येणारा स्टँड घ्या खुशाल, तुमच्या झाऱ्यापेक्षा बरा. तो गोल दिवा मात्र नको, चष्म्यात दोन चंद्र दिसतात. लेकीच्या शेजारणीकडं कुत्र्यासाठी कॅमेरा आहे, ऑफिसातनं बटण दाबलं की घरी कुत्र्यापुढं बिस्कीट उडतं. इथं मला चार हाका मारल्याशिवाय कुणी पाण्याचा तांब्या देत नाही! चाकांच्या काठीवर टॅबलेट बसवून घरभर फिरवता येतो, असलंही एक यंत्र निघालंय. आपल्या उंबऱ्यांपुढं त्याचं काय चालणार?

ह्या सगळ्यांपेक्षा मला 'बी माय आइज' हे ॲप फार आवडलं. डेन्मार्कच्या हान्स विबर्ग नावाच्या गृहस्थांची कल्पना, त्यांना स्वतःलाही कमी दिसतं. २०१५ साली सुरू झालं. दृष्टिहीन माणसानं फोनचा मागचा कॅमेरा वस्तूपुढं धरायचा आणि कुठला तरी अनोळखी डोळस माणूस कॉलवर सांगतो, गोळ्यांवरची तारीख उलटलीय, शर्ट निळा आहे, डावीकडचं बटण दाबा. फुकट. आमच्या ह्यांनी मोठ्या उत्साहानं नाव नोंदवलंय. पण मदत करणारेच मागणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळं हे चष्मा पुसून बसतात आणि फोन काही वाजत नाही.

बघा, सगळीकडं तेच. कॅमेरा तोंडावरनं हलला की कामाला लागतो. नुसतं तोंडच दाखवायचा हट्ट कोण धरतं, माहितेय? ते चोर. हो, तेच, डिजिटल अरेस्टवाले. समोर खाकी कपडे, मागं पोलीस ठाण्याचा देखावा, आणि तुम्हाला म्हणणार, कॅमेऱ्यासमोरनं उठायचं नाही, दार लावून घ्या, घरात कुणाशी बोलायचं नाही. माझ्या माहितीतल्या एका निवृत्त मास्तरांना असं दिवसभर बसवून ठेवलं होतं. पैसे पाठवणार तेवढ्यात शेजारीण वाटी घेऊन साखर मागायला आली, म्हणून वाचले. बँकेचं व्हिडिओवरचं केवायसी खरं असतं, रिझर्व्ह बँकेनं २०२० पासून त्याला परवानगी दिलीय, पण ते आपण खातं उघडायला गेलो तर, आणि त्यात कुणी धमकावत नाही.

तेव्हा वहिनी, तुमच्या मामंजींनाही सांगून ठेवा. व्हिडिओ कॉलवर अटक करायची तरतूद आपल्या कुठल्याही कायद्यात नाही. असा फोन आला तर सरळ कापायचा, घरात मोठ्यानं सांगायचं, आणि पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन लावायचा.